सुट्टीत म्हणजे कधी?

ठोकेमामांना ठोकेमामा म्हणायची दोन कारणं होती. शाळेची घंटा तेच वाजवत, हे एक. आणि दिसेल त्या वस्तूवर बोटाचं पेर ठोकून कान लावायची त्यांना खोड होती, हे दुसरं. दार, बाक, फळा, पाण्याचं पिंप, काहीही. चित्रकलेचे सर नवीन आले तेव्हा मामांनी त्यांच्या लाकडी पेटीवर ठोकून "तळाला वाळवी आहे" असं पहिल्याच दिवशी सुनावलं. सरांनी महिनाभर अबोला धरला. मग एका सकाळी पेटीचा तळ निखळला आणि रंगाच्या बाटल्या जिन्यावरून गडगडत खाली गेल्या, तेव्हा कुठे ते मामांशी बोलायला लागले.

हुद्दा शिपायाचा, पण शाळेची सगळी डागडुजी त्यांच्या गळ्यात. ती कुणी घातली नव्हती, त्यांनीच घालून घेतली होती. ठेंगणी मूर्ती, कानामागे पेन्सिल, आणि शर्टाच्या खिशात इतके खिळे की त्यांच्या मुलीने एकदा वैतागून खिसाच शिवून टाकला होता. घंटा जिन्याखालच्या कोनाड्यात टांगलेली होती. पितळेची, ताटाएवढी. वाजवायची तर कोनाड्यात शिरून, मान वाकवून, डोकं जवळजवळ तिला टेकवूनच वाजवावी लागे. सव्वीस वर्षं दिवसातून दहा-बारा वेळा मामा त्या कोनाड्यात शिरत आणि लाकडी हातोडीने टोला हाणत.

त्यांचं खरं काम मात्र चाले उन्हाळ्याच्या सुट्टीत. इमारत दुमजली, जुनी, एकूण तेरा खोल्या. मुलं घरी गेली, आम्ही शिक्षक मंडळीही पांगलो की मामा एक लांब बांबू घेऊन खोली-खोली फिरत. बांबूच्या टोकाला लाकडाची गोटी. तिने छताचा गिलावा वीतभर-वीतभर अंतरावर ठोकायचा आणि ऐकायचं. घट्ट गिलावा टण्ण वाजतो. सुटलेला गिलावा बद्द वाजतो. बद्द म्हणजे वर स्लॅब आणि खाली गिलावा यांच्यामध्ये फट पडली आहे. "तो उद्या पडेल का पाच वर्षांनी पडेल, ते देवालाही विचारू नका," असं मामा म्हणत. बद्द वाजलेली जागा ते फोडून काढत, नवा गिलावा करत, आठवडाभर पाणी मारत आणि वाळू देत. याला रिकामी खोली लागते. आणि त्याआधी ऐकायला शांतता लागते.

वर्षभर काही मोडलं, तडकलं, गळलं की मामा ते एका लांबड्या वहीत लिहून ठेवत. वहीला तीन रकाने होते. कुठे, काय, कधी. पहिल्या दोन रकान्यांत दर ओळीला वेगळं काहीतरी असे. तिसऱ्यात सव्वीस वर्षं एकच शब्द होता. सुट्टीत.

शाळा बारमाही करायची ठरली ती सभा मला अजून लख्ख आठवते, कारण तिथे सगळ्यात जास्त तोंड माझंच चाललं होतं. मुलं वाढली होती आणि खोल्या तेवढ्याच होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फळ्यावर आकृती काढली. मुलांचे चार गट करायचे, लाल, पिवळा, निळा, हिरवा. प्रत्येक गटाला नऊ आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, पुन्हा नऊ आठवडे शाळा. सुट्ट्या पाळीपाळीने. म्हणजे कधीही बघा, तीन गट शाळेत आणि एक घरी. आहे त्याच इमारतीत शेकडा तेहतीस मुलं जास्त मावतात. उन्हाळ्याची दोन महिन्यांची सुट्टी बंद.

शिक्षकांनी नाकं मुरडली. मी उभी राहिले आणि ठिपकीची गोष्ट सांगितली.

ठिपकी ही मामांची नात. माझ्याच वर्गात होती. अंगाने एवढीशी, म्हणून ठिपकी. तिची आई शिवणकामाच्या कारखान्यात दिवसभर उभी, वडील नाहीत. सुट्टी लागली की पोर दोन महिने घरात, बाहेरून कडी, सोबतीला खिडकी. मार्चमध्ये तिला जेमतेम शब्द जोडता यायला लागायचे आणि जूनमध्ये ती परत यायची तेव्हा पाटी कोरी. पहिलीत तेच, दुसरीत तेच. मी ट चा टा करून घ्यायचा, सुट्टीने तो पुसून न्यायचा. "या मुलीला सुट्टी नको आहे," मी सभेत म्हणाले, "सुट्टी आपल्याला हवी आहे." टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.

मामा दाराशी पाण्याचा जग घेऊन उभे होते. ते म्हणाले, "सगळं खरं बाई. पण मग मी ठोकणार कधी?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले.

बारमाही शाळा सुरू झाली आणि खोटं कशाला बोलू, चांगली चालली. मुलं तीन आठवड्यांत काय विसरणार? परत यायची तेव्हा बूट घट्ट झालेले असायचे, पण पाढे तिथेच असायचे. कडीबंद घरांत पोरं दोन-दोन महिने कुढायची ती थांबली. आणि ठिपकी वाचायला लागली. आधी अडखळत, मग अडखळायचं विसरून. एकदा वाचता यायला लागल्यावर तिला आवरणं मुश्कील झालं. औषधाच्या बाटलीवरची सूचना, सरांच्या शर्टाच्या कॉलरवरची चिठ्ठी, स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतलं काहीबाही, सगळं मोठ्याने. मामा तिला शाळेत ओळख दाखवू देत नसत. सगळ्यांसारखं मामाच म्हणायचं, आबा फक्त घरी, असा दंडक. पण ती वाचत असली की ते झाडू घेऊन आमच्या वर्गाबाहेरचा तोच व्हरांडा तीनदा झाडत.

तोटेही होते. दोन भावंडं दोन गटांत पडली की त्यांच्या आईला रविवार सोडला तर वर्षभरात एक दिवस दोघं एकत्र घरी मिळत नव्हती. आम्ही शिक्षक दर नऊ आठवड्यांनी खोकी बांधून या खोलीतून त्या खोलीत, बदलीवर असल्यासारखे. पण मला सगळ्यात जास्त जाणवायला लागला तो आवाज. शाळा आता गप्प बसतच नव्हती. शनिवारी दुपारी लाल गट बाहेर पडला की सोमवारी सकाळी त्याच बाकांवर हिरवा गट. रविवारी खाली सभागृहात कराटे आणि गाण्याचे वर्ग. मुलांना पूर्वीपेक्षा जास्त वेळा सुट्टी मिळत होती. खोल्यांना एकही मिळत नव्हती.

आता माझ्याबद्दल. मी मुळात घाबरट बाई आहे. गॅस बंद केला का ते बघायला मी बसथांब्यावरून परत गेलेली आहे. त्यामुळे दुसऱ्या वर्षी निळ्या गटातला आमचा वर्ग वरच्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीत आला आणि तिसऱ्या रांगेतल्या एका वहीवर मला चिमूटभर रेती दिसली, तेव्हा मी शिकवणं थांबवून वर बघितलं. सात नंबरच्या वर गच्चीत पाण्याची टाकी आहे. छतावर ओलीचा एक पिवळट डाग होता, नकाशातल्या बेटासारखा. मी वहीवरची रेती फुंकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती.

मी मामांना सांगितलं. ते आले, वर बघत बराच वेळ उभे राहिले. वर्गात सेहेचाळीस पोरं कलकलत होती.

"आत्ता ठोकून उपयोग नाही," ते म्हणाले. "या गोंगाटात काय ऐकू येणार? तसंही दर रविवारी एक खोली धरून बाकी शाळा ठोकून झालीय. या रविवारी राहिलेली सात नंबर."

सोमवारी ते वही घेऊन आले. तेव्हा नियम असा होता की ज्याची खोली त्या वर्गशिक्षकाने वहीत सही करायची, मग मोठ्या बाईंची सही. पान नीट आखलेलं होतं. खोली एक, छत ठीक. खोली दोन, छत ठीक. असं करत बारा खोल्यांपुढे ठीक, आणि मध्येच एक ओळ : खोली सात. छत बद्द, तिसरी रांग. कधी, तर सुट्टीत.

मी ते वाचलं आणि माझ्या जिवात जीव आला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे लोकांना ते खरं वाटलं नाही. मी शिकलेली बाई, बारमाही शाळेवर सभा गाजवलेली, आणि त्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास बसला. सुट्टीत होणार म्हणजे झालंच. मी सही केली. मोठ्या बाईंनीही केली. त्यांना वाटलं निळ्या गटाची सुट्टी, तीन आठवड्यांवर तर आली आहे. मामांच्या हाताला सव्वीस वर्षांची सवय, तो अजून उन्हाळ्याचीच सुट्टी लिहीत होता. तीन माणसं, तीन सह्या, आणि तिघांच्या मनात वेगवेगळी सुट्टी. त्यातली दोन महिन्यांची तर आम्हीच बंद केलेली.

निळ्या गटाची सुट्टी आली आणि गेली. सात नंबरमध्ये त्या तीन आठवड्यांत लाल गटाचा पाचवीचा वर्ग बसला. आम्ही परत आलो तर खोल्यांच्या अदलाबदलीत पुन्हा सात नंबरच मिळाला. डाग होता तिथेच होता. थोडा मोठा झाला होता का? मला रोज वाटे झाला आहे, आणि रोज वाटे, मी घाबरट आहे म्हणून वाटतंय.

मी तिसऱ्या रांगेतले बाक भिंतीला सरकवले. सेहेचाळीस मुलं आणि खोली केवढीशी. दोन दिवसांत बाक मुलांनीच आपापल्या जागी आणले. मोठ्या बाईंना सांगितलं. त्या हजेरीचे चार रंगांचे चार तक्ते जुळवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वहीत आहे ना? मग सुट्टीत होईल. चालू वर्गातून खोली कशी रिकामी करू, सांगा. सेहेचाळीस मुलं माझ्या टेबलावर बसवू?" मी वर्गात परत आले. मग आठवडाभर रेती पडलीच नाही आणि मी स्वतःला चार शब्द सुनावले. मग पुन्हा पडली. मी फळ्यावर लिहिताना पाठीमागे काही खुट्ट झालं की खडू मोडायचा. मुलं हसायची. ठिपकी तिसऱ्या रांगेत मधल्या बाकावर, बरोबर त्या बेटाच्या खाली. तिची जागा बदलावी म्हटलं तर तिच्या जागी दुसरं कुणीतरी बसणार. ते कुणाचं लेकरू बसवायचं, हे मी ठरवायचं होतं. मी ठरवलं नाही.

मामांना मी त्या दिवसांत दोनदा गाठायला गेले. एकदा व्हरांड्यात मागून हाक मारली, तर ढिम्म. वळूनही बघितलं नाही. दुसऱ्यांदाही तसंच. मला राग आला. बारमाही शाळेला मी टाळ्या मिळवल्या त्याचं उट्टं काढतायत, असं मी मनात धरलं. तोंडावर म्हणालेही, "काय मामा, साहेब झालात? हाका ऐकू येत नाहीत?" ते दचकले, मग हसले. "कामाच्या तंद्रीत होतो हो बाई," म्हणाले आणि घाईघाईने जिना उतरून गेले. मी मात्र फुरंगटून बसले आणि सात नंबरचं विचारायचं राहूनच गेलं.

तो दिवस मंगळवार होता. दुसरा तास. मी गणिताच्या वह्या तपासत होते. मामा दारात आले आणि त्यांनी महिन्याच्या सहीसाठी वही पुढे केली. माझे हात गुंतलेले होते. मी म्हटलं, "ठेवा बाकावर, करते." त्यांनी दारालगतच्या बाकावर ठेवली आणि ते उंबऱ्याशी थांबले. ठिपकी वही दाखवायला पुढे आलेली होती. समोर लिहिलेलं काही दिसल्यावर ती गप्प थोडीच बसणार?

"खोली सात," तिने मोठ्याने वाचलं. "छत बद्द. तिसरी रांग. कधी... सुट्टीत." एक अक्षर अडलं नाही. मला त्याही क्षणी अभिमान वाटला.

मग ती म्हणाली, "बाई, सुट्टीत म्हणजे कधी?"

"म्हणजे सुट्टी लागली की," मी म्हणाले.

"कुणाची सुट्टी?"

मागून एक जण ओरडला, "आपली!"

"आपल्या सुट्टीत तर इथे लाल गट असतो," ठिपकी म्हणाली. ती विचार करत होती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. "लाल गटाच्या सुट्टीत आपण असतो. मग खोली सातची सुट्टी कधी असते?"

मी वर बघितलं. बेटाच्या कडेने एक काळी रेघ गेली होती. ती काल नव्हती, हे मी शपथेवर सांगायला तयार होते, आणि काल मी वर बघितलं होतं की नाही, तेही मला आठवेना. मी मामांकडे बघितलं. त्यांची नजर ठिपकीच्या ओठांवर खिळलेली होती. मग ते वळले आणि धावत सुटले. साठीला आलेला माणूस जिना दोन-दोन पायऱ्या उतरतो आहे, हे मला आवाजावरून कळत होतं.

आणि घंटा सुरू झाली.

आमच्या शाळेत तासाची घंटा म्हणजे मोजके टोले. शाळा सुटल्याची घंटा जरा लांब. पण सुट्टी लागायच्या दिवशी, पूर्वी, मामा एक वेगळीच घंटा वाजवत. न थांबता, हात दुखेपर्यंत. दोन वर्षं ती कुणी ऐकली नव्हती. पहिली-दुसरीच्या मुलांना ती ठाऊकही नव्हती. पण मोठ्या मुलांना ओळखायला एक क्षण पुरला. "सुट्टी! सुट्टी!" अशी एकच आरोळी उठली आणि बघता बघता इमारत रिकामी व्हायला लागली. माझा वर्ग माझ्या अंगावरून गेला. मी दाराशी उभी राहून मोजत होते. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.

ठिपकी तिसऱ्या रांगेत होती. दप्तर घ्यायला परत गेली होती आणि मान वर करून उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "वर वाजतंय."

मी तिला कसं ओढलं ते मला सांगता येणार नाही. तिच्या दंडावर चार दिवस माझ्या बोटांचे वळ होते. दप्तर तिथेच पडलं.

मोठ्या बाई वर आल्या त्या तणतणतच. खाली पटांगणात सहाशे मुलं नाचत होती. मामा बांबू घेऊन त्यांच्या मागोमाग आले.

"कुणाच्या परवानगीने वाजवली?" मोठ्या बाईंनी विचारलं. "कुठे पडलंय छत? दाखवा ना मला!"

छत पडलेलं नव्हतं. खोली सात शहाण्यासारखी उभी होती. बाक, फळा, अर्धवट राहिलेलं गणित. क्षणभर मलाही वाटलं, आपण तिघांनी मिळून शाळेची फजिती केली.

दारातून आत एक पाऊल टाकून मामांनी बांबू लांबवला आणि बेटाच्या कडेला हलकेच ठोकलं. मला चमत्कारिक वाटलं ते हे की ते छताकडे बघतच नव्हते. ते माझा हात धरून उभ्या असलेल्या नातीकडे बघत होते.

"कसं वाजलं?" त्यांनी विचारलं.

"बद्द," ठिपकी म्हणाली. आणि मग नियम विसरून, "आबा, फार बद्द."

त्यांनी आणखी एकदा ठोकलं. तेव्हा ते आलं. मोठा आवाज झाला असं लोक नंतर सांगत होते. मला आठवतो तो आधीचा, कापड फाटल्यासारखा. मग धूळ. काही दिसेना. मोठ्या बाईंनी माझा खांदा घट्ट धरला होता आणि त्या "अगं आई गं" असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. धूळ खाली बसली तेव्हा तिसऱ्या रांगेतला मधला बाक मधोमध मोडलेला होता. त्याच्यावर खाटेएवढा गिलाव्याचा थर. दप्तराचा एक पट्टा तेवढा बाहेर दिसत होता.

मोठ्या बाई पाच मिनिटांत सावरल्या. ते त्यांचं कामच आहे, मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी स्वतः सात नंबरला कुलूप घातलं. "बाकीच्या खोल्या ठीक आहेत ना? वहीत आहे," त्या म्हणाल्या. "मुलांच्या रांगा करा आणि वर्गात बसवा. सहाशे मुलं रस्त्यावर गेली तर आणखी काहीतरी होऊन बसेल." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बहुतेकांच्या घरांना बाहेरून कडी होती.

मी खाली आले तर मामा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. ठिपकी त्यांच्या केसांतली धूळ झटकत होती. मी तिला पाणी आणायला पाठवलं आणि त्यांच्यापाशी बसले. म्हटलं, "मामा, तुम्ही होतात म्हणून. त्या रविवारी तुम्ही ऐकलंत म्हणून."

ते माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. ठिपकीच्या ओठांकडे बघत होते तसेच.

"ऐकलं नाही बाई," ते म्हणाले. "ठोकलं तेव्हा डोळ्यात रेती पडली. म्हणून बद्द लिहिलं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"डावा कान गेला त्याला झाली पाच वर्षं. उजव्यावर चालत होतं. सुट्टीत चिडीचूप असायचं, तेव्हा उजव्याने भागायचं. आता तोही..." त्यांनी हाताने काहीतरी पुसल्यासारखं केलं. "गोंगाट आहे म्हणून सांगत होतो सगळ्यांना. खोटं नव्हतं तेही. पण ठोकेमामाला ऐकू येत नाही म्हटल्यावर ठोकेमामाला ठेवतील कशाला?"

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. पटांगणात शिक्षकांनी रांगा लावल्या होत्या. पहिलीची रांग सगळ्यात पुढे, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, जिन्याकडे यायला निघालेली.

"मामा," मी माझं तोंड त्यांच्यासमोर नेऊन एकेक शब्द सुटा म्हटला, "बाकीच्या बारा खोल्या. जिथे ठीक लिहिलंय."

त्यांनी रांगेकडे बघितलं.

"तिथे रेती पडली नाही," ते म्हणाले.

पहिलीचं पहिलं पोर आमच्या शेजारून पायरी चढायला लागलं. मी त्याला आडवा हात घातला, उठले आणि कोनाड्यात शिरले. आत वाकूनच उभं राहावं लागतं. हातोडी वाटली होती त्यापेक्षा जड होती. मी घंटा बडवायला लागले. दुसऱ्यांदा सुट्टी झाली म्हणून पोरं पुन्हा ओरडत पटांगणाकडे पळाली असणार, कारण माझ्यासमोरचा जिना रिकामा होता. मोठ्या बाई धावत आल्या. त्या माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, त्यांचं तोंड हलत होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. त्या काय म्हणत होत्या ते मला आजही सांगता येत नाही. त्या कोनाड्यात घंटा वाजत असली की दुसरं काहीही ऐकू येत नाही.